काडीवरचा मका: घरच्या कॉर्न डॉगच्या प्रकल्प नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

कॉलनीचा आनंद मेळावा १२ जानेवारीला ठरला आणि मी स्टॉलसाठी नाव देऊन आले. यंदा कॉर्न डॉग. काडीला टोचलेला सॉसेज, त्यावर मक्याच्या पिठाचं जाड आवरण आणि भर तेलात तळण. हा अमेरिकेतल्या जत्रांचा पदार्थ. डॅलसला भरणाऱ्या टेक्सास स्टेट फेअरमध्ये फ्लेचर बंधूंनी तो १९३८ ते १९४२ च्या दरम्यान विकायला सुरुवात केली, असं मानतात. जत्रेत हिंडताना एका हातात धरून खाता यावा, ताटली-चमचा लागू नये, हीच त्याची सगळी सोय. मेळाव्यात पोट्टे जसे इकडून तिकडे पळत असतात, त्यांना हेच पाहिजे.

समितीची अट एकच: शाकाहारी आणि मांसाहारी वेगळ्या टेबलांवर, वेगळ्या तेलात. ते आम्ही तसंही केलंच असतं.

लेकीच्या डोक्यात मात्र कोरियन प्रकार आहे. वरून ब्रेडचा चुरा, बटाट्याचे चौकोनी तुकडे चिकटवलेले, आत चीज, शेवटी साखर भुरभुरलेली. दिसतो देखणा, चीजची तार ओढली की फोटोही छान येतो. पण त्याचं आवरण बहुतेक वेळा मैद्याचं नाहीतर तांदळाच्या पिठाचं असतं. मला हवी आहे ती मक्याची खरपूस, जराशी गोडसर, दाताखाली रवाळ लागणारी चव. ती नसली तर माझ्या लेखी ते काडीवरचं भजं. म्हणून वहीत पहिला नियम लिहून टाकला: पिठात निम्म्याहून जास्त मका. बाकी सगळं बदललं तरी चालेल, हे नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

किराणा दुकानातलं पाकिटबंद मक्याचं पीठ आणून पाहिलं. ते रोटीसाठी दळलेलं, मैद्याच्या जवळ जाणारं. तळल्यावर रंग सुरेख आला, पण कवच गुळगुळीत आणि चावताना चिकट. मका आहे हे सांगावं लागतं, जिभेला कळत नाही. दुसऱ्या टोकाला मक्याचा रवा. तो ऐनवेळी भिजवला तर घोळाच्या तळाशी बसतो आणि तळूनही कचकचतो. पांढरं कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा निव्वळ स्टार्च, त्याचं आवरण होत नाही. ते सॉसेजला आतून चोळण्यापुरतं ठेवलं.

या दोन्हीच्या मधलं पीठ पाहिजे, आणि तसं पाकिटात मिळत नाही. चक्कीवर जायचं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

नागपूरच्या इतवारी बाजारातून पिवळा मका आणला. आपल्याकडचा दाणा बहुतेक टणक, काचेसारखा चकाकणारा. अमेरिकेत कॉर्नमीलसाठी जास्त करून माथ्यावर खळगा पडणारा मऊ गराचा दाणा वापरतात, त्याला तिकडे डेंट म्हणतात. टणक दाण्याचे कण दळल्यावर धारदार निघतात आणि पाणी हळूहळू पितात. तिकडच्या कृतीतलं ‘दहा मिनिटं मुरू द्या’ आपल्या मक्याला पुरणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवते.

मका निवडला, धुतला नाही. धुतलेला दाणा आतून ओला राहिला तर दळ चक्कीच्या पाटाला, म्हणजे दगडाला चिकटतो. चक्कीवाले भाऊ म्हणाले, “ताई, भाकरीचं काढू का कण्या?” म्हटलं, “दोन्हीच्या मधात, भाऊ. बोटाला रवा लागला पाहिजे, पण कणी नको.” त्यांनी पाट ढिले केले, आधी माझा मूठभर मका टाकून मागच्या गव्हाचं पीठ झटकून घेतलं आणि ते वेगळं काढलं. मग बाकीचा ओतला. पहिली चिमूट तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळली आणि माझ्यापुढे हात केला. जाड होती. त्यांनी चक्कीची मूठ जराशी आवळली, पुन्हा चिमूट, पुन्हा अंगठा. या वेळी बोटाला बारीक रवा लागत होता आणि रेषांमध्ये पिवळी पूड बसत होती. “हे घ्या, आता हलत नाही मी याच्यावरून,” म्हणाले. मला हवा होता तो हाच दळ.

घरी येऊन रव्याच्या चाळणीने चाळलं. वर कोंडा आणि चुकार कण्या राहिल्या. दाण्याचा अंकुर दळात आलेला असतो आणि त्यात तेल असतं, म्हणून हे पीठ बाहेर ठेवलं की खवट होतं. हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये.

३० नोव्हेंबर, शनिवार

सोमवारपासून मार्गशीर्ष. आमच्याकडे महिनाभर मांसाहार बंद असतो, तेव्हा सॉसेजची चाचणी आजच. खालच्या स्वयंपाकघरात चिकन शिजत नाही. त्याची शेगडी गच्चीवर, भांडीही वेगळी.

कढई वर नेलीच नाही. तिचा तळ गोल, मधे खोल आणि कडेला उथळ, त्यामुळे काडीसकट आडवा टाकलेला कॉर्न डॉग एका टोकाला तेलाबाहेर राहतो. सरळ भिंतीचा गंज, म्हणजे उभट पातेलं घेतलं. त्यात चार बोटं तेल असलं की सॉसेज पूर्ण बुडतो, काडी काठावर टेकते. तेल रिफाइंड फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं. घाण्याचं तेल चवीला कितीही चांगलं असलं तरी ते १६० अंशांच्या आसपास धुरायला लागतं आणि आपल्याला त्याच्या वर जायचं आहे.

थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात धरून पाहिला. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, म्हणजे पाणी ९९ अंशांना उकळायला पाहिजे. काटा तिथेच थांबला. आता तेलाच्या आकड्यावर भरवसा ठेवता येईल.

सॉसेज चिकनचे, पाकिटातले, आधीच शिजवलेले. ते पूर्ण वितळू दिले, मग कापडाने खरोखर कोरडे केले. पुसल्यासारखं करून भागत नाही. पाकिटातून काढल्यावर त्यांच्या अंगावर बुळबुळीत ओल असते, तेलात तिची वाफ होते आणि ती वाफ आवरणाला आतून ढकलते. कोरड्या सॉसेजवर कॉर्नफ्लोअर चोळून जास्तीचं झटकलं. बोट फिरवलं तर पावडरचा पातळ थर जाणवावा, ढेकूळ नको.

काडीचंही पाहिलं. बांबूच्या गोल काडीवर सॉसेज फिरतो. गिलासातून वर काढताना काडी वळते आणि सॉसेज जागच्या जागी राहतो. आइस्क्रीमची चपटी काडी तशी फिरत नाही. सॉसेजच्या तीन चतुर्थांश लांबीपर्यंत ती आत गेली पाहिजे, टोक बाहेर येऊ द्यायचं नाही.

पिठात आज अंडं घातलं होतं, इथे गच्चीवर चालतं. दळलेला मका आणि मैदा, साखर, मीठ, बेकिंग पावडर, ताक. मक्यात गव्हासारखं बांधून धरणारं ग्लूटेन नसतं, नुसत्या मक्याचं आवरण तेलात पडलं की तडे जाऊन सुटतं, म्हणून मैद्याचा आधार लागतोच. घोळ अर्धा तास मुरवला, मग बेकिंग पावडर घातली.

आता हाताचं काम. घोळ उंच, अरुंद स्टीलच्या गिलासात ओतायचा, काठापासून तीन बोटं खाली. सॉसेज सरळ खाली बुडवायचा, काडीची सुरुवात झाकली जाईपर्यंत. वर काढताना सावकाश फिरवत काढायचा आणि गिलासावर आडवा धरून आणखी फिरवायचा. घोळ योग्य असेल तर एक जाड थेंब टोकाशी जमतो, लोंबतो आणि परत आवरणात ओढला जातो. तो टपकन पडला तर घोळ पातळ आहे. अजिबात जमलाच नाही तर घट्ट. लगेच तेलात घालायचा, पण सोडायचा नाही. काडी हातात धरून चार-पाच सेकंद तेलातच फिरवत ठेवायचा. तेवढ्यात बाहेरचा पापुद्रा धरतो. आधी सोडला तर खालच्या बाजूला घोळ ओघळून एक पंख तयार होतो आणि वरची बाजू उघडी पडते.

तेल १७५ ते १८०. साधारण तीन मिनिटं. आधी जोरात बुडबुडे, मग ते बारीक होतात. मक्याचा रंग गडद सोनेरी होऊ द्यायचा, फिकट काढला तर आत पिठाची ओली रेष राहते. मधोमध कापला: बाहेर कुरकुरीत, आत केकसारखं जाळीदार, सॉसेजला लागून घट्ट बसलेलं. दाताखाली मका रवाळ लागत होता, पण काठिण्य अजून आहे. अर्धा तास मुरवणं कमी पडतंय.

लेकीने चपट्या काडीवरचा आख्खा संपवला आणि साखर मागितली नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट, पूजा, पुरणाचा स्वयंपाक. तळणाचा प्रश्नच नाही. रात्री वाचत बसले.

अमेरिकेतल्या बफेलोच्या स्टॅन्ली जेनकिन्स यांनी १९२७ मध्ये एका यंत्रासाठी पेटंटचा अर्ज केला आणि ते १९२९ मध्ये मंजूर झालं. काडीला टोचलेले पदार्थ घोळात बुडवून तळण्याचं आणि ते धरून ठेवण्याचं साधन होतं ते. त्यात त्यांनी काय काय काडीला लावता येईल याची यादी दिली आहे: सॉसेज तर आहेतच, पण उकडलेली अंडी, चीज, अननस, केळी, अंजीर, खजूर, स्ट्रॉबेरीसुद्धा. तेल ३९० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ २०० सेल्सिअस.

मला ही यादी फार मोलाची वाटली. मार्गशीर्षात पनीर-चीजचे कॉर्न डॉग करायचे म्हणजे मूळ पदार्थाला मुरड घालणं असं मनात कुठेतरी होतं. ते गेलं. कागदावर तो पदार्थ सुरुवातीपासूनच सॉसेजपुरता नव्हता. तेल मात्र २०० पर्यंत नेणार नाही. माझ्या घोळात साखर आहे, ती त्या तापमानाला आतलं शिजायच्या आत काळी पडेल.

दुसरी गोष्ट एड वाल्डमायर यांची. ओक्लाहोमात त्यांनी मक्याच्या पिठात भाजलेला सॉसेज खाल्ला, आवडला, पण तो व्हायला फार वेळ लागायचा. पुढे महायुद्धाच्या काळात टेक्सासमधल्या अमॅरिलोच्या हवाई तळावर असताना एका मित्राने घरून पाठवलेलं, सॉसेजला चिकटून राहणारं मिश्रण त्यांच्या हाती आलं आणि मग तळण जमलं. १९४६ मध्ये इलिनॉयच्या स्प्रिंगफील्डला त्यांनी कोझी डॉग नावाने विक्री सुरू केली. म्हणजे त्यांचंही सगळं अडलं होतं ते सॉसेजपाशी नाही, घोळापाशी.

७ डिसेंबर, शनिवार

चंपाषष्ठी. भरीत आणि रोडगे. वही उघडली ती फक्त सामान लिहायला: पनीर, मोझरेला, साधं चीज, आलू.

८ डिसेंबर, रविवार

आत काय टिकतं ते पाहिलं.

पनीर: सुट्टं, मऊ पनीर काडी टोचताच दुभंगतं. घट्ट लादी घेऊन वजनाखाली दाबली, मग बोटाच्या जाडीच्या कांड्या कापल्या. मीठ-तिखट-जिरेपूड चोळून तासभर ठेवल्या, सुटलेलं पाणी पुसलं, मग कॉर्नफ्लोअर. उत्तम. मक्याच्या गोडसर कवचाला आतून तिखट पाहिजेच होतं.

मोझरेला: वितळतं आणि वाट मिळेल तिथून निघतं. कांड्या रात्रभर गोठवून, गोठलेल्याच बुडवल्या तर कवच आधी धरतं आणि चीज आत राहतं. टोकाला आवरण पातळ पडलेलं चालत नाही. मेळाव्यात फ्रीजर जवळ नसणार, म्हणून हा घरापुरता.

साधं प्रोसेस्ड चीज: याच्यातल्या क्षारांमुळे चरबी आणि प्रथिनं एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे ते मऊ पडतं पण वाहत नाही. स्टॉलसाठी हेच बरं.

आलू: आपल्या आलूबोंड्याचं सारण, फक्त कोरडं. आलू आदल्या रात्री उकडून गार केले, त्यात आलं-लसूण-मिरची, मोहरीची फोडणी, सांबार (कोथिंबीर) बारीक चिरून, आणि बांधायला थोडे पोहे दळून. सारण काडीभोवतीच दाबत लांबट वळवलं, फ्रीजमध्ये घट्ट केलं. टोचायचं नाही, काडीवरच वळायचं, हे महत्त्वाचं.

सांबारवडीचं सारणही पाहिलं, कोथिंबीर आणि खोबरं-खसखशीचं. चव अप्रतिम, पण ते मोकळं असतं, काडीला धरत नाही. सांबारवडीला तिची पोळीच पाहिजे. सोडून दिलं.

१५ डिसेंबर, रविवार

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची.

खाली अंडं चालत नाही आणि मला दोन टेबलांसाठी दोन घोळ ठेवायचे नाहीत. एकच घोळ, बिनअंड्याचा, सगळ्यांना. नुसतं दही वाढवून पाहिलं तर आवरण धरतं पण कापताना भुगा पडतो. मुरवण्याचा वेळ दोन तासांवर नेला, कण मऊ झाले, भुगा तसाच.

सासूबाई निवडलेली मेथी घेऊन ओट्याशी आल्या. गिलासात डोकावून म्हणाल्या, “काय करून राहिली गं? मका कच्चाच भिजवते का? आपण मक्याची भाकर थंड पाण्यात थापतो का कधी?”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्यांनीच पातेल्यात पाणी ठेवलं.

एकूण मक्यातला एक तृतीयांश भाग वेगळा काढला आणि त्यावर दुप्पट उकळतं पाणी ओतून लाकडी चमच्याने घोटलं. झाकून गार होऊ दिलं. मक्याचा स्टार्च ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान फुगतो आणि पाणी धरून ठेवतो. तळताना आवरणाच्या आत हे होतंच, पण तोपर्यंत घोळ ओघळलेला असतो. उकड काढल्यावर तो चिकटपणा आधीच तयार असतो, आणि अंड्याने जे बांधून धरलं असतं ते बरंचसं हीच उकड धरते. शिवाय गरम पाण्याने टणक कणांची धार मोडते. दोन्ही अडचणींवर एकच उपाय, आणि तो भाकरीच्या परातीत रोज होता.

प्रमाण पक्कं केलं. रवाळ दळलेला मका १५० ग्रॅम, त्यातल्या ५० ग्रॅमची १०० मिली उकळत्या पाण्यात उकड. मैदा १२० ग्रॅम. साखर ३० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, पाव लहान चमचा तिखट. दही ६० ग्रॅम आणि दूध १३० मिलीच्या आसपास, शेवटचं दूध हात आखडून. गार उकड आधी दह्या-दुधात घुसळून एकजीव करायची, नाहीतर गुठळ्या राहतात. मग मका, मैदा. झाकून तासभर. तळायच्या अगदी आधी दोन सपाट लहान चमचे बेकिंग पावडर आणि चिमूटभर खायचा सोडा, मोजके फेटे देऊन. सोडा दह्याच्या आंबटपणाशी लगेच भिडतो, तो आधी घातला तर फुगवटा गिलासातच संपतो.

साखरेचं प्रमाण दुपटीपर्यंत नेऊन पाहिलं. रंग मिनिटभरातच गडद येतो आणि आतला थर ओला राहतो. ३० ग्रॅम बरोबर.

थंडी चांगलीच आहे. घोळ ओट्यावरच इतका गार होतो की आणखी घट्ट भासतो. तेव्हा दूध वाढवायचं नाही, गिलास कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवायचा.

कवच कापलं तेव्हा भुगा पडला नाही. मधली जाळी बारीक, पिवळीधमक, आणि चव भाजल्या मक्याची. फुटाळा तलावावर पावसात भुट्टा खाताना दाणा दाताखाली फुटतो त्याची आठवण देणारी. सासूबाईंनी आलूवाला आख्खा खाल्ला आणि म्हणाल्या, “आता मका लागला.”

२१ डिसेंबर, शनिवार

बुडवायला काय. अमेरिकेत पिवळा मस्टर्ड सॉस घेतात. पांढरी-पिवळी मोहरी, व्हिनेगर आणि रंगाला हळद. बाटली आणायची गरज नाही, आपण लोणच्यात आणि काकडीच्या कोशिंबिरीत मोहरी फेसतोच.

पिवळी मोहरी तासभर भिजवली, थोड्या थंड पाण्यासोबत मिक्सरमध्ये नाकात जाईपर्यंत फेसली. हा झणका मोहरीत तयार नसतो. दाणा फुटून पाणी मिळालं की तिच्यातलं एक विकर काम करतं आणि मग तो निर्माण होतो. गरम पाणी घातलं तर ते विकर मरतं आणि उरतो तो नुसता कडवटपणा. व्हिनेगर पहिल्यांदाच घातलं तरी काम अर्धवट राहतं. म्हणून फेसून दहा मिनिटं थांबायचं, झणका चढला की व्हिनेगर, मीठ, गूळ आणि हळद. त्याने तो तिथेच टिकतो. फ्रीजमध्ये दोन दिवसांनी कडवटपणा बसतो आणि चव गोल होते, तेव्हा मेळाव्याच्या तीन दिवस आधी करायची.

पोट्ट्यांसाठी टोमॅटो सॉस राहू दे. मोठ्यांसाठी फेसलेली मोहरी आणि लसूण-सांबाराची चटणी.

२९ डिसेंबर, रविवार

स्टॉलवर रांग लागली तर प्रत्येकी तीन मिनिटं थांबवणं शक्य नाही. आधी करून ठेवायचे तर कवच मऊ पडतं. कागदावर ठेवले की खालच्या बाजूने वाफ कोंडते आणि तिथेच आधी भिजतात. उभ्या काड्या पेल्यात ठेवल्या तर तेल खाली उतरून टोकाशी जमतं. केक गार करायच्या जाळीवर आडवे ठेवले तेव्हा कुरकुर सर्वांत जास्त वेळ राहिली.

सर्वांत चांगलं जमलं ते दोनदा तळण. पहिल्यांदा १७० ला, फिकट सोनेरी होईपर्यंत, आतलं आवरण पूर्ण शिजेल इतपत. मग जाळीवर गार. द्यायच्या वेळी १८५ ला एक मिनिट. दुसऱ्या तळणात बाहेरच्या थरातलं उरलेलं पाणी निघून जातं आणि कवच पहिल्यापेक्षा जास्त कुरकुरीत होतं. चिकनचे मात्र पहिल्या तळणानंतर बाहेर तासन्‌तास ठेवायचे नाहीत. ते बर्फाच्या पेटीत, आणि दुसऱ्या तळणात आतपर्यंत ७४ अंश झाले पाहिजेत, म्हणजे एक मिनिटाऐवजी मंद तेलात जास्त वेळ.

४ जानेवारी २०२५, शनिवार

मार्गशीर्ष संपला. गच्चीवर नव्या घोळाने चिकनचे केले. अंड्याच्या घोळापेक्षा उकडीचा घोळ सॉसेजला जास्त घट्ट बसतो. अंडं परत आणायचं कारण उरलं नाही.

ओळख पटावी म्हणून चिकनला चपटी काडी, शाकाहारीला गोल. पनीर आणि आलू गोल काडीवर फिरत नाहीत, त्यांचा पृष्ठभाग सॉसेजसारखा निसरडा नसतो. गोल काड्यांची अणकुचीदार टोकं कात्रीने छाटली, लहान पोरं पळता पळता खाणार आहेत.

११ जानेवारी, शनिवार

उकड सकाळी. आलू वळून झाले, पनीर दाबाखाली आहे. कोरडं मिश्रण एकेका गिलासाच्या मापाने पिशव्यांत बांधलं, बेकिंग पावडर वेगळ्या पुड्यांत. मोहरी मुरली आहे, छान झाली आहे.

१२ जानेवारी, रविवार

संध्याकाळी सुरुवात झाली आणि पहिल्या तासात लक्षात आलं ते तेलाचं. मोकळ्या मैदानात वारा शेगडीची आच पळवतो. गंजात एकदम पाच-सहा सोडले की काटा १५० च्या खाली जातो आणि कवच तेल पितं. तीनच सोडायचे ठरवलं, शेगडीला तीन बाजूंनी पत्रे लावले, मग १८० टिकलं. रांग वाढली तरी तीनच. लेकीने पुढे उभं राहून सगळ्यांना सांगितलं की गरम आणि कुरकुरीत पाहिजे असेल तर थांबा, आणि लोक थांबले.

आलूवाले सर्वांत आधी संपले. पनीर त्याच्या मागोमाग. चिकनच्या टेबलावर कॉलेजची मुलं होती, त्यांनी मोहरी मागून मागून घेतली. शेजारच्या काकूंनी पहिल्या घासालाच विचारलं, “याच्यात मक्याचा रवा घातला का?” त्यांना दळ बोटांवर घेऊन दाखवला, उकडीचं सांगितलं, चक्कीवाल्या भाऊंचं नावही. “अंडं नाही ना?” दोनदा विचारून त्यांनी दुसरा घेतला. एका आजोबांना काडी धरायला जड जात होती, त्यांना कापून द्रोणात दिला.

गिलासातला घोळ निम्म्यावर आला की सॉसेज पूर्ण बुडत नाही, आणि नवा घोळ वरून ओतला तर जुना फुगवटा मोडतो. पुढच्या खेपेला लहान, अरुंद गिलास आणि वारंवार नवं पीठ. पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढंच एका वेळी कालवायचं.

१३ जानेवारी, सोमवार

पहिलं तळण झालेले आलूवाले थोडे उरले होते, रात्रीच गोठवले. आज न वितळवता थेट १६५ अंशांच्या तेलात टाकले, पाच मिनिटं. कवच तडकलं नाही, आतपर्यंत गरम. म्हणजे हे आठवडाभर आधी करून ठेवता येतील. तेल कापडातून गाळून ठेवलं. तळाशी मक्याचे जळके कण बसतात, ते राहिले तर पुढच्या तळणाला कडू वास येतो.

संक्रांत आटोपली की केळं. जेनकिन्स यांच्या यादीत आहेच. पिकलेलं नको, हिरवट पिवळं, घट्ट. घोळात साखर निम्मी, तिखटाऐवजी वेलची. मका तोच, दळ तोच. डब्यात अजून किलोभर आहे.